भिंतीपलीकडचं पोलिश

जळगाव जामोदच्या आमच्या गल्लीतला, शेजारचा ट्रकड्रायव्हर पोलंडच्या नोकरीसाठी पोलिश शिकतो आहे. सोमवारी मुलाखत आहे. त्या धास्तीने त्याने नखं खाऊन संपवली आहेत. त्या भाषेतही विभक्ती आहेत. नामाचं रूप बदललं की विशेषणाचंही बदलतं. रोज सकाळी ट्रक पुसताना तो एकच जोडी मोठ्याने घोकायचा: 'दोब्रा मात्का', म्हणजे चांगली आई. ती रूपं त्याला पाठ झाली होती.

माझी आई गेली, तेव्हापासून तो 'नवीन टायर' घोकतो आणि दर रूपाला अडखळतो.

काल न राहवून मी म्हणालो, "भाऊ, आईचंच घोका. मुलाखतीत घरचंच विचारतील."

"तुमाले आयकू येते न, सर."

"येऊ द्या."

फडकं पिळत त्याने हळू आवाजात सुरुवात केली. तिसऱ्या रूपावर, 'आईला' म्हणताना, तो थांबला. विसरला की धीर होईना, कळलं नाही.

"दोब्रेय मात्त्से," मी सांगितलं.

"तुमाले कसं येते, सर?"

"आईच्या उशाशी बसून सकाळी दुसरं काय ऐकत होतो?"

त्याने मान खाली घातली. मग पहिल्यापासून, मोठ्याने सुरू केलं.