उलट्या आट्यांचे दहा बोल्ट

रस्त्याच्या कडेला कुणी मोटारीचं चाक बदलताना दिसलं की मी अजूनही थांबतो. मदतीसाठी नव्हे, पाना कोणत्या बाजूला फिरतोय ते बघायला. निवृत्तीला इतकी वर्षं झाली, तरी सत्तरच्या दशकातली नागपूरची ती घटना माझा पिच्छा सोडत नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण खुद्द ठाण्यात चोरी झाली आणि तिचा तपास मी केला, असा गुन्हा हा एकच. त्यातल्या कुणाचंही नाव मी सांगणार नाही.

मी तेव्हा फौजदार होतो. आमच्या ठाण्याला एक जीप होती आणि जीपला एक ड्रायव्हर हवालदार. दोघांचीही नोकरी संपत आली होती. हवालदारांना सगळं ठाणं मामा म्हणायचं. बोलणं कमी, मिशी पांढरी, आणि जीपच्या बाबतीत कुणाचंही न ऐकण्याची सवय.

मी नवा असताना एकदा कुहीकडे जाताना जीपचं डावं चाक पंक्चर झालं. मामा रेडिएटरसाठी विहिरीवर पाणी आणायला गेले होते, म्हणून पाना मीच हातात घेतला. घाम गाळला, शिव्या दिल्या, शेवटी पान्यावर चढून उभा राहिलो. नट तसूभर हलला नाही. मामा बादली घेऊन आले, थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "साहेब, सोडून राहिले का आवळून राहिले?"

जीपच्या डाव्या चाकांचे आटे उलटे असतात, हे मला त्या दिवशी कळलं. उजवी चाकं साऱ्या जगासारखी उघडतात. डावीकडे मात्र आपण जिकडे आवळतो तिकडे फिरवलं की नट सुटतो. धावताना तो आपोआप ढिला होऊ नये म्हणून ही सोय. मामांच्या हाताला ती वीस वर्षांत इतकी बसली होती की डाव्या चाकापाशी बसले की हात आपसूक उलटा फिरायचा.

तर त्या वर्षी डाव्या चाकांचे स्टड झिजले. स्टड म्हणजे ज्या बोल्टांवर चाक चढवून नट आवळतात, ते. एक तर वळणावर तुटलाच. मामांनी जीप विटांवर चढवली आणि जाहीर केलं, "नवे आल्याबिगर मी इले हात लावत नाही." आम्ही वर मागणीपत्र पाठवलं, मग स्मरणपत्र, मग स्मरणपत्राची आठवण करून देणारं पत्र. तोवर गस्त सायकलवर चालली. आरोपीसुद्धा डबलसीट आणावे लागत. त्यातल्या एकाने तर चढावर उतरून सायकल ढकलायला मदत केली होती.

अखेर होळी झाल्यावर एका शनिवारी तपकिरी कागदाची पुडी आली. आत उलट्या आट्यांचे दहा नवेकोरे स्टड आणि दहा नट. मामांनी पुडी कपाटात ठेवली आणि चावी करदोट्याला बांधली. सोमवारी मोटार विभागात नेऊन ते बसवायचे होते. पोचपावतीवर सही माझी, म्हणून दुपारी मी चावी मागून घेतली, पुडी टेबलावर सोडून मोजली, "मोजले, बरोबर" असा शेरा मारला आणि चावी मामांना परत दिली.

त्याच दुपारी दाताचे एक डॉक्टर परवानगीचा अर्ज घेऊन आले. त्यांना मोटारींच्या शर्यतीचं वेड होतं. शहराबाहेरच्या मैदानावर गोल रस्ता आखून हौशी मंडळी दरवर्षी शर्यत लावत. आदल्या वर्षी डॉक्टरांच्या गाडीचे स्टड वळणावर तुटले, मागचं चाक सुटून पुढे धावलं आणि गाडीच्या आधी शेवटच्या रेषेपार गेलं. जाताना तर्री-पोह्याची हातगाडी तेवढी आडवी केली. मी डॉक्टरांना आणि त्यांच्यासोबत आलेल्या गॅरेजच्या मिस्त्रीला समोर बसवून सुरक्षिततेवर लांबलचक व्याख्यान दिलं. पंख्याने अर्जाचे कागद उडत होते, तरी मी थांबलो नाही. मिस्त्री मान खाली घालून ऐकत होता. माणूस मोठा समजूतदार आहे असं मला वाटलं.

सोमवारी कपाट उघडलं. पुडी नव्हती.

इन्स्पेक्टर साहेबांचा चेहरा लाल झाला. पोलीस ठाण्यातून पोलिसांचाच माल जातो म्हणजे काय! कुलूप शाबूत, चावी एकाच माणसाकडे. "हवालदारांचा जबाब घ्या. आठ दिवसांत माल मिळाला नाही तर निलंबनाचा प्रस्ताव पाठवतो," साहेब म्हणाले. मामांना निवृत्तीला सहा महिने उरले होते. निलंबन झालं असतं तर चौकशी लांबली असती, पेन्शन अडकली असती आणि इतक्या वर्षांच्या चोख नोकरीवर चोराचा शिक्का बसला असता.

मी मामांना समोर उभं केलं. ज्या माणसाने मला चाक उघडायला शिकवलं, त्याला बसायलाही सांगितलं नाही, हे आठवलं की आजही मान खाली जाते.

"चावी कुणाला दिली होती?"

"तुमाले दिली होती साहेब, पावतीसाठी. तुम्ही वापस दिली."

"त्यानंतर?"

"त्यानंतर माह्याजवळच."

"मग पुडी गेली कुठे?"

"मले ठाऊक असतं तर मी काहून सांगितलं नसतं?"

हेच प्रश्न मी तीन दिवस तीन तऱ्हांनी विचारले. दरवेळी उत्तर तेच आलं आणि दरवेळी माझा संशय आणखी घट्ट झाला.

मग खबर आली. सीताबर्डीवरचा एक पानवाला आमचा खबऱ्या होता. कळमन्याच्या रस्त्यावर एका भंगारवाल्याकडे जीपचे बोल्ट आलेत, असं त्याने सांगितलं. आम्ही छापा घातला, पोतंभर लोखंड जप्त केलं आणि ठाण्यात आणून ओतलं. त्यातून बैलगाडीच्या धावा, खाटेचे कोपरे आणि एक मोडका अडकित्ता निघाला. भंगारवाला पोतं परत न्यायला आला तेव्हा अडकित्त्याने साहेबांनी सुपारी कातरून पाहिली होती.

मुदत संपण्याआधीचा दिवस रविवार होता, आणि तोच शर्यतीचा. बंदोबस्ताला मी होतो. मनुष्यबळ कमी असल्याने मामांनाही घेतलं होतं. वळणावळणावर कुहीकडून आणलेल्या तणसाच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या, गंज्या लावल्या होत्या. डॉक्टरांनी यंदा मागची चाकं रुंद बसवली होती. गाडी वाऱ्यासारखी पळत होती, दुसऱ्या क्रमांकावर होती, आणि आमच्या समोरच तिचं मागचं डावं चाक पंक्चर झालं.

गाडी कडेला आली. मिस्त्री जॅक घेऊन धावला, पाना लावला, आणि मान वर करताच त्याला समोर मामा दिसले. तो क्षणभर थिजला. मग त्याने सगळा जोर लावून पाना ओढला. नट हलेना.

"लाव ना गा जोर!" डॉक्टर ओरडले. "दाढ असती तर आतापर्यंत दोन काढल्या असत्या मी!"

मिस्त्रीने जोर लावला. मग डॉक्टरांनी लावला. मग दोघांनी मिळून. मग प्रेक्षकांतला एक पहिलवान पान्यावर उभा राहून नाचला. दुसऱ्या गाड्या भर्रकन निघून जात होत्या आणि डॉक्टर रडकुंडीला आले होते. मामा हे सगळं बघत होते. चाकाची अशी हेळसांड त्यांना सोसवत नसे.

"सरका बरं," ते म्हणाले आणि डाव्या चाकापाशी बसले.

त्यांचा हात आपसूक उलटा फिरला. कुर्रर्र करून नट सुटला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मामा मात्र हातातल्या नटाकडे बघत तसेच बसून राहिले. मग उठले, गाडीला वळसा घालून उजव्या बाजूला गेले आणि मागच्या उजव्या चाकाचा एक नट आवळायच्या बाजूने फिरवला. तोही सुटला. तो त्यांनी लगेच परत घट्ट केला. डाव्या बाजूला उलटे आटे एखाद्या गाडीला असतीलही. पण उजव्या बाजूला उलटे आटे जगात कोणत्याच गाडीला नसतात. मामा माझ्यापाशी आले आणि पहिला नट त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला.

"हे आपलंच होय, साहेब."

एवढंच बोलून ते परत चाकापाशी गेले. चाक अर्धवट सोडून उठणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. जादा चाक बसवलं, नट आवळले आणि डॉक्टरांना म्हणाले, "आता जा. मागून पहिले या." डॉक्टर तसेच आले. पंचनामा मैदानावरच केला. पंच म्हणून पोहेवाला आणि झेंडा दाखवणारे गृहस्थ सापडले. मुद्देमाल काढून घेतला असता तर गाडी जागीच बसली असती, म्हणून डॉक्टरांनाच ती चालवत ठाण्यात आणायला सांगितलं. चोरीचा माल स्वतःच्या चाकांनी ठाण्यात आलेला मी तेवढा एकदाच पाहिला.

मिस्त्रीने आढेवेढे घेतले नाहीत. "डाक्टरसाहेबांनी चाकं रुंद केली. जुने स्टड आखूड पडत होते. बाजारात चांगले भेटत नव्हते. मागच्या साली चाक निघालं, या साली डाक्टर गेले असते. त्याइले काही माहीत नाही. खरादीच्या मशिनीवर बूड घासून मीच बसवले."

"आणि मैदानावर नेहमीच्या बाजूनं जोर काहून लावत होता? आटे माहीत होते ना?"

"माहीत होते. पण मामा समोर उभे होते ना! उलटं फिरवून सोडलं असतं तर त्यांनी तिथंच धरलं असतं."

रायटर हसू दाबत जबाब लिहीत होता. इन्स्पेक्टर साहेब खुर्चीत रेलले होते. मी अगदी रंगात आलो. "आता सांग, कुलूपबंद कपाटातून पुडी काढली कशी?"

मिस्त्री माझ्याकडे केविलवाणं बघून म्हणाला, "साहेब, सगळ्यांसमोर सांगू?"

"सगळ्यांसमोर!" मी टेबलावर हात आपटला.

"याच टेबलावरून घेतली. पंख्यानं कागद उडत होते, म्हणून तुम्ही पुडी आमच्या अर्जावर ठेवली होती. तुम्ही भाषण देऊन राहिले होते. मी उचलली आणि झोळ्यात टाकली."

रायटरची लेखणी थांबली. आणि मला सगळं लख्ख आठवलं. मोजलेली पुडी मी कपाटात परत ठेवलीच नव्हती. मामांनी विश्वासाने रिकाम्या कपाटाला कुलूप लावलं होतं.

साहेबांनी सगळ्यांना बाहेर पाठवलं, दार लोटलं आणि हलक्या आवाजात म्हणाले, "कपाट उघडं राहिलं होतं, असं लिहा. हवालदारांना हलगर्जीपणाची ताकीद मिळेल, फार तर पेन्शन थोडी लांबेल. त्यांचे सहा महिने राहिलेत. तुमची वीस वर्षं."

मी ताडकन नकार दिला, असं लिहायला मला आवडलं असतं. पण मी चहा मागवला, आणि तो हळूहळू प्यायलो. खिडकीतून विटांवरची जीप दिसत होती. मामा तिच्या काचा पुसत होते. आठ दिवस चोर ठरलेला माणूस, न चालणाऱ्या गाडीच्या काचा पुसत होता. मला माझीच शरम वाटली. कप खाली ठेवला, स्टेशन डायरी ओढली आणि लिहिलं, "सदर पुडी माझ्या टेबलावरून, माझ्या समक्ष, माझ्या निष्काळजीपणामुळे गेली."

ताकीद मला मिळाली. बढती दोन वर्षं मागे गेली. मिस्त्रीला न्यायालयाने चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलं. आणि स्टड आता मुद्देमाल झाल्यामुळे निकाल लागेपर्यंत जीपला लावता आले नाहीत. आमची जीप पावसाळाभर विटांवरच राहिली.

लोक विचारतात, इतक्या वर्षांत तपासाबद्दल काय शिकलात. मी सांगतो, जोर लावूनही हलत नसेल तर आणखी जोर लावू नका, हात उलटा फिरवून बघा. तीन दिवस मी मामांना आवळत होतो. चावी दुसऱ्या कुणाच्या हाती गेली होती, याचं उत्तर त्यांनी पहिल्याच दिवशी दिलं होतं. मी ते ऐकलं आणि पुढचा प्रश्न विचारला.

निवृत्तीच्या दिवशी मामा माझ्या टेबलापाशी आले. या वेळी मी उठून खुर्ची दिली. ते बसले नाहीत. खिशातून जीपचा तो जुना, वळणावर तुटलेला स्टड काढून त्यांनी माझ्या कागदांवर ठेवला.

"मामा, हे कशाले?"

"पंखा चालू असते तुमचा," ते म्हणाले. "आणि हा तुटका आहे. याले कोणी नेत नाही."