तुमच्या गावचं पाणी कसं लागतं?

मेसला नवीन पोरगा आला की मावशी त्याचं नाव विचारायची नाही. कंपनी कुठली, शिफ्ट कुठली, हेही नाही. ताट पुढं सरकवायची आणि विचारायची, "तुमच्या गावचं पाणी कसं लागतं रं?" पोरगं बावचळायचं. इकडंतिकडं बघायचं. मग म्हणायचं, "पाण्यासारखं, मावशी." की हिचं तोंड वाकडं. "हे काय उत्तर झालं? जेव आधी. जेवल्यावर आठवून सांग."

ही मावशी म्हणजे माझी बायको. आकुर्डीत आमच्या घराच्या पुढच्या खोलीत तिनं तीस वर्षं मेस चालवली. बायकोचं नाव घ्यायची आमच्यात पद्धत नाही. पोरांचं मावशी-मावशी ऐकून माझ्याही तोंडात तेच बसलं, म्हणून इथंही मावशीच लिहितो. मी सातवी नापास. कंपनीत लेथवर टर्नर होतो, रिटायर झाल्यावर शाळेच्या पोरांची व्हॅन चालवली. लिहिणं हे माझं काम नव्हे. पण तिच्या एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलंय, तेवढ्यासाठी बसलोय.

ती आटपाडीकडची. लहानपणी निम्मा दिवस डोक्यावर हंडा. एका विहिरीचं पाणी दुसरीसारखं नसतं हे तिला तिथंच कळलं, आणि ते वेड इकडं आल्यावरही सुटलं नाही. आमच्याकडं पाण्याचे तीन प्रकार. नळाचं, बोअरचं आणि उन्हाळ्यात टँकरचं. स्वयंपाकाला नळाचंच घ्यायचं हा तिचा नियम. फर्स्ट शिफ्टला निघायच्या आधी पिंप भरायचं काम माझ्याकडं होतं. कधी नळाला धार नसली की मी गुपचूप बोअरचं भरून ठेवायचो. संध्याकाळी घरात पाय टाकला की ऐकायला यायचं, "बोअरचं घातलंत न्हवं? डाळ बघा कशी रुसून बसलीय. दोन तास झालं, फुटायला तयार न्हाई." मी म्हणायचो, डाळच जुनी असंल. ती म्हणायची, "डाळ खोटं बोलत न्हाई. पुढचं मी बोलत न्हाई."

दिवाळीला पोरं गावी निघाली की सगळ्यांना एकच सांगणं. लाडू-चिवडा नको, बाटलीभर पाणी आण. पोरं हसायची, पण आणायची. कोकणातनं, मराठवाड्यातनं, एक राजस्थानातनं, एक पार हिमाचलातनं. फळीवर बाटल्या लागायच्या. ती डोळे मिटून एक घोट घ्यायची आणि उरलेल्या पाण्यात मूठभर डाळ शिजत घालायची. सगळी पोरं भोवती उभी, जसा काही निकाल लागणार आहे. शेवटी मात्र ती नाराजच. "बाटलीत आलं की पाणी बाटलीचं हुतं रं. हे म्हंजी नुसता फोटू. जाऊन प्यायला पायजे." हे जाऊन प्यायचं तिनं वीस वर्षं बोलून दाखवलं. मी वीस वर्षं बघू म्हणालो.

मग तिच्या किडन्या गेल्या. एकदम नाही, हळूहळू. डॉक्टर म्हणाले, आता दिवसाला एक लिटर पाणी. चहा, आमटी, गोळ्या घ्यायला लागतं ते, सगळं धरून एक लिटर. दोन-तीन महिन्यांत डायलिसिस सुरू करावं लागेल, आठवड्यातनं दोनदा मशीनवर. हिनं विचारलं, "एक लिटर, पण कुठलं पाणी?" डॉक्टर हसले. म्हणाले, कुठलंही चालेल. "मग चांगलं चांगलं पिऊ द्या की," ती म्हणाली. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मला म्हणाली, "मशीनला बांधून घ्यायच्या आधी मला जायचंय. समुद्राकाठचं, वाळवंटातलं आन् बर्फाच्या डोंगरातलं. तीन घोट. मग तुमी म्हणाल तिथं बसते."

मी नाही म्हणालो. चऱ्होलीला दिलेली मुलगी तर ओरडलीच. मावशीनं मेस बंद केली आणि दोन दिवस आमच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मी व्हॅनची सीटं काढायला घेतली. वीस दिवस, वर एक दिवस नाही, या बोलीवर डॉक्टरांनी सोडलं. मुलगी म्हणाली, "बाबा, बाटली तुमच्या हातात ठेवा. तिच्या हातात देऊ नका." मी एक लिटरच्या बाटलीवर कानशीनं सहा खुणा केल्या. वरून खाली येत संध्याकाळपर्यंत शेवटची खूण. आयुष्यभर मापातच काम केलेला माणूस मी. म्हटलं, हे जमेल.

कोकणातल्या, राजस्थानातल्या, हिमाचलातल्या पोरांनी फोनवर घरचे पत्ते दिले. या, राहा, आई वाट बघतेय. मावशीनं पत्ते घेतले नाहीत. तुमच्याकडं पाणी कुठं भरतात एवढंच लिहून घेतलं. मी म्हणालो, अगं, फुकट राहायला मिळतंय. "घरात उतरलं की पाहुणचार. चहा घ्या, पोहे घ्या, वटी भरा. पाणी बघायचं ऱ्हाऊनच जातं." म्हणून भोसरीतनं जाड ताडपत्रीचा तंबू शिवून घेतला. खुंट्या मी ओळखीच्या वर्कशॉपमध्ये स्वतः टर्न केल्या. बारा खुंट्या, एकसारख्या. दिवाळी झाली आणि निघालो.

हर्णैच्या अलीकडं सुरूच्या बनात तंबू ठोकला. समुद्र पन्नास पावलांवर, आणि मधे एक विहीर. त्या विहिरीचं पाणी गोडं. मावशी विहिरीच्या काठावर हात कमरेवर ठेवून उभीच राहिली. "एवढा खारा शेजार आन् हिला काय बाधलंच न्हाई?" पाणी शेंदायला आलेल्या एका म्हातारीला तिनं धरलं. म्हातारी म्हणाली, "पावसाचं पाणी वर तरंगतं गो, खाली खारंच हाय. हळू शेंदलं तर गोडं. आधाशासारखं उपसलं की समुद्र वर येतो." मावशीनं एक घोट घेतला, डोळे मिटले. मग म्हणाली, "शहाळ्यावाणी हाय. पण गिळल्यावर जिभंच्या कडंला मीठ. समुद्र लपून बसलाय आत." दोन दिवस ती हेच सगळ्यांना सांगत होती. मासे सुकवणाऱ्या बायकांनासुद्धा, ज्या ते पाणी जन्मापासून पीत होत्या.

गुजरात ओलांडायला चार दिवस लागले. व्हॅन म्हातारी, आम्ही म्हातारे. रोज सकाळी तंबूच्या तोंडाशी बसून ती पायाची सूज बघायला नडगीवर अंगठा दाबायची आणि खड्डा किती वेळात भरतो ते मोजायची. सुरुवातीला पाच आकडे म्हणेपर्यंत भरायचा. राजस्थानात बाडमेरच्या बाजूला पोचलो तेव्हा वीस झाले. मी बघितलं. तिनंही मी बघितलेलं बघितलं, आणि पदर ओढून घेतला.

तिथं माझ्या खुंट्यांची अब्रू गेली. वाळूत ठोकल्या की उपटून वर. एकसारख्या बाराच्या बारा. मावशीनं पिठाच्या रिकाम्या पिशव्यांत वाळू भरली, त्यांना दोर बांधून पिशव्या पुरल्या, आणि तंबू उभा. "तीस वर्षं लेथवर काढली म्हणं," एवढंच बोलली.

मेसच्या राजस्थानी पोराच्या गावाबाहेर जमिनीत टाकं होतं, पावसाचं पाणी साठवायचं, वर लाकडी झाकण आणि झाकणाला कुलूप. एका बाईनं कुलूप काढून लोटा भरून दिला. मावशीनं एक घोट घेऊन लोटा परत केला. बाईचा चेहरा पडला. वाळवंटात पाणी देणं म्हणजे काय हे मला तिच्या चेहऱ्यावर कळलं. मावशी आपल्या हिंदीत म्हणाली, "नाराज मत हो बाई. पानी बहुत गोड है. मेरेकू डॉक्टरने बंद किया." आणि कमरेवर हात ठेवून दाखवलं. ती बाई आत गेली, ओला फडका घेऊन आली आणि मावशीची सुजलेली पावलं पुसायला बसली. मावशी अवघडून गेली. मग तिनं विचारलंच, "बाई, ये पानी में डाल शिजता है क्या?" बाई हसत सुटली. त्या पाण्याबद्दल मावशी म्हणाली, "नवं मडकं पैल्यांदा भरल्यावर वास येतो न्हवं, तसलं. हे पाणी वरनं आलंय, खालच्या जमिनीची त्याला ओळखच न्हाई."

मी म्हणालो, परत फिरू. ती म्हणाली, "दोन झाली. एक ऱ्हायलं."

पुढच्या चार दिवसांत मी कमी बोललो आणि जास्त व्हॅन चालवली. हिमाचलात कुलूच्या वर एका गावाखाली पोचलो तेव्हा दुपार होती. देवदाराची झाडं, समोर बर्फ. तिला बर्फाचं कौतुक नव्हतं. गवताचा भारा घेऊन चाललेल्या बाईनं वाट दाखवली. दोनशे पावलांची चढण, तिला अर्धा तास लागला. दम लागत होता, मधेमधे दगडावर बसत होती, पण हसत होती. वर एका दगडातनं अंगठ्याएवढी धार पडत होती. बाकी काही नाही. एवढ्यासाठी आम्ही आलो होतो.

आणि बाटली संपली होती. सकाळपासून थंडी, म्हणून चहा दोनदा झालेला, पाणी शेवटच्या खुणेच्याही खाली गेलेलं. ती म्हणाली, "पेला द्या." मी म्हणालो, आजचं झालं. उद्या सकाळी पैलं पाणी हेच. "उद्याचं उद्या. घोटभर द्या." मी म्हणालो, नाही म्हणजे नाही. तिनं हात पुढं केला होता. मी पेला मागं घेतला.

तिनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. नवीन पोराकडं बघायची तसं. "बरं. मग तुमी प्या आन् मला सांगा."

मी धारेखाली पेला धरला, एका दमात प्यायलो. परत भरला, तोही प्यायलो. "कसं हाय?" तिनं विचारलं.

"पाण्यासारखं."

ती इतकी हसली की ठसका लागला. "तीस वर्षं परक्या पोरांवर चिडले," ती म्हणाली, "आन् हे रत्न घरात." मी बाटली भरून घेतली, उद्यासाठी. खाली आलो.

ते उद्या तसं आलंच नाही. पहाटे तिला श्वास घेता येईना. खालच्या गावातल्या दवाखान्यात नेलं. इंजेक्शनं देऊन अंगातलं पाणी उतरवलं. दुपारी तिला बोलता यायला लागल्यावर मी बाटली पुढं केली. तिनं घोट घेतला, डोळे मिटले आणि बाटली परत दिली. "बाटलीचं लागतंय." मुलगी विमानानं आली, तिला घेऊन गेली. व्हॅन आणि तंबू घेऊन मी एकटा आकुर्डीला आलो. सहा दिवस लागले.

त्यानंतर आठ महिने ती मशीनवर होती. शब्द दिल्याप्रमाणं कुरकुर केली नाही. चार-चार तास पडून राहायची आणि शेजारच्या कॉटवरच्या माणसांना विचारायची, तुमच्या गावचं पाणी कसं लागतं. एकदा माझ्याकडं वळून म्हणाली, "अहो, त्या डोंगरातलं खरंच कसं हुतं?" मी म्हणालो, चांगलं होतं. ती म्हणाली, "पाण्यासारखं हुतं तर दुसरा पेला कशाला घेतलात?" मी तिच्या अंगावरची चादर सरळ केली. तिनं वाट बघितली. मग सिस्टर आली, विषय गेला. पुढं कधी तिनं विचारलं नाही आणि मीही काढलं नाही. श्रावणात ती गेली.

नंतर मी डॉक्टरांना सरळ विचारलं. त्या दिवशी एक घोट दिला असता तर काय झालं असतं? ते म्हणाले, काका, एका घोटानं काही झालं नसतं. तिचा त्रास आधीपासूनचा होता. त्यांना वाटलं, मला बरं वाटेल.

आता मी पाणी सावकाश पितो. चाकणला गेलो की चहाच्या टपरीवर विचारतो, हे कुठलं पाणी? लोक म्हणतात, बिसलरी पाहिजे का बाबा? परवा ताथवड्याला पाव्हण्यांच्या सोसायटीत गेलो होतो. गेटवरचा वॉचमन नांदेडकडचा, नवीन आलेला. त्यानं रजिस्टर पुढं केलं आणि माझ्या तोंडातनं आलं, "तुमच्या गावचं पाणी कसं लागतं?" तो म्हणाला, "पाण्यासारखंच की, काका." मला राग आला. हे काय उत्तर झालं, मी म्हणालो. मग तिथंच बाकावर बसलो. म्हटलं, आधी आपलं उत्तर लिहावं, मग दुसऱ्याला विचारावं.

तर ते पाणी असं होतं. आधी जिभेला लागलंच नाही, दातांना लागलं. थंडीत फर्स्ट शिफ्टला उघड्या हातानं गार पोलादाचा जॉब उचलला की बोटांना कसं होतं, तसं दातांना झालं. मग थोडं लोखंड. काम करताना खिळा ओठात धरतो तेव्हा येतं तेवढंच. मग तेही गेलं आणि मागून गोड आलं. साखरेचं नाही, शिळी भाकरी बराच वेळ चावल्यावर येतं ते गोड. आणि ते गिळल्याबरोबर संपलं. तोंडात थांबेना. हाताला लागलंय म्हणेपर्यंत निसटलं, म्हणून दुसरा पेला घेतला.