हळदीकुंकवाचा चीक

ओपीडी ऐन भरात होती. एका आजोबांच्या डोळ्यात थेंब घालून त्यांना बाहेर बसवलं, तोच मोबाइल वाजला. एडिनबराहून रूपाली कांबळे बोलत होती.

"मॅडम, आईला सकाळपासून नीट दिसेना. चांगल्या डोळ्यानं."

रूपालीची आई म्हणजे नेसरीच्या आक्का. त्यांचा डावा डोळा लहानपणापासून अधू. उजव्याचा मोतीबिंदू मी उन्हाळ्यात काढला होता आणि आत लेन्स बसवली होती. सगळं ठीक आहे म्हटल्यावरच त्या लेकीकडे गेल्या. म्हणजे आज बिघडला होता तो त्यांचा एकच कामाचा डोळा, आणि त्याचं ऑपरेशन माझ्या हातचं.

"आक्कांना द्या फोन."

"डॉक्टरबाई, समदं धुरकाट दिसतंय बघा. वाफंतनं बघितल्यावानी."

"दुखतंय का?"

"न्हाय की. जरा बी न्हाय."

इथे मी थबकले. ऑपरेशननंतर डोळ्यात जंतू शिरले, तर बहुतेक पेशंट दुखण्यानं हैराण होतो. न दुखता एका रात्रीत धुरकट होणं वेगळं. डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक काचेला आम्ही कॉर्निया म्हणतो. तिच्या आतल्या बाजूला पेशींचा पातळ थर असतो. काचेत मुरणारं पाणी तो सतत बाहेर टाकतो. हा पंप थांबला की काच सुजते आणि धुकं दिसतं. पण काल चालणारा पंप आज का थांबावा?

"काल काय काय केलंत, आक्का?"

"काय न्हाय. घरातच हाय मी."

"तरी सांगा की."

"हितं थंडी पडाय लागली. म्हणून भाईरलं कुंडीतलं झाड छाटून घरात घेतलं. आपलं हळदीकुंकू. हितल्या नर्सरीत घावलं, तवा काय आनंद झालता."

हळदीकुंकू म्हणजे लाल-पिवळ्या फुलांचं, रुईच्या गोतातलं झाड. आपल्याकडे बांधावर आपसूक येतं. पान तोडलं की पांढरा चीक.

"चिकाचा हात डोळ्याला लागला का?"

आक्का म्हणाल्या, "थंडीनं डोळ्यातनं पाणी येत हुतं. पुसलं आसंल."

रुईचा चीक गेलेले डोळे मी आधी पाहिले होते. पूजेसाठी रुईची पानं तोडणारे पेशंट असेच यायचे. हा चीक नेमका त्या पंपावरच उठतो, आणि दुखणं मात्र फारसं नसतं. रूपालीला सांगितलं, "आधी डोळा स्वच्छ पाण्यानं भरपूर धुवा. मग लगेच हॉस्पिटल गाठा. तिथल्या डॉक्टरांना माझ्याशी बोलायला सांगा."

संध्याकाळी त्या डॉक्टरांचा फोन आला. तपासून झालं होतं. कॉर्निया सुजलेला, लेन्स जागेवर. त्यांचा संशय ऑपरेशनवरच होता. तो येणारच, मलाही आधी तोच आला होता. मी चिकाचं सांगितलं. त्यांनी झाडाचं शास्त्रीय नाव विचारलं, थोडं वाचून परत फोन केला आणि म्हणाले, "मग स्टेरॉइडचे थेंब सुरू करतो. रोज तपासू."

पहिले दोन दिवस फरक पडला नाही. रूपाली रडवेली झाली होती. खरं तर मलाही जेवण गोड लागत नव्हतं. तिसऱ्या दिवशी आक्कांचाच फोन आला.

"घड्याळाचं काटं दिसाय लागलं बघा."

आठवड्यात काच स्वच्छ झाली. रूपाली झाड फेकून द्यायला निघाली, तर आक्का अडून बसल्या. "झाडाची काय चूक? हात म्या लावला," म्हणाल्या. छाटलेल्या फांद्या त्यांनी पेल्यात पाणी घालून ठेवल्या होत्या, त्यांना मुळं फुटली. कुंडी सगळ्यात जास्त ऊन येणाऱ्या खिडकीत गेली. थंडीत झाडाची वाढ मंदावते, म्हणून माती वाळल्याशिवाय पाणी नाही. बर्फ पडायचा थांबला की परत बाहेर. हे सगळं त्यांनी मला फोनवर शिकवलं. मी एकच अट घातली, "हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय झाडाला हात लावायचा नाही."

जानेवारीत व्हिडिओ कॉल आला. खिडकीबाहेर बर्फ, आत लाल-पिवळा झुबका. आक्का नातीचा पोहायचा गॉगल लावून उभ्या होत्या.

तेव्हापासून "काय होतंय" विचारून झालं की "काल हातानं काय केलंत" हेही मी विचारते. बहुतेक जण "काही नाही" म्हणतात. मग दुसऱ्यांदा विचारायचं.