लिंबाच्या वाटीतला जाळ

त्या आठ दिवसांत आमच्या स्वयंपाकघराची फरशी पायाला चिकटायची. चाकूरच्या शाळेत दिवसभर घसा फोडायचा, एसटीनं लातूरला यायचं, चपला काढायच्या आणि थेट अननसाच्या रसात पाय ठेवायचा. पहिले दोन दिवस मी पुसून घेतलं. तिसऱ्या दिवशी फडकं तिथंच टाकून दिलं. येऊ देत मुंग्या, त्यांनाही सुगी लागू दे.

माझा नवरा बारा वर्षं पुण्यातल्या एका हॉटेलात बारच्या काउंटरमागे उभा होता. इथं घर, सासूबाई, त्यांच्या गोळ्या, गॅसचा नंबर, पाण्याचा टँकर, सगळं मी एकटी ओढत होते. या वेळी हे महिनाभराची रजा टाकून आले होते. नांदेडच्या एका केटररला लग्नांसाठी मॉकटेलचा, म्हणजे बिनदारूच्या पेयांचा, स्टॉल सांभाळणारा माणूस हवा होता. रविवारी केटरर घरी येऊन नमुना बघणार होते. त्यांनी होकार दिला तर हे नोकरी सोडून कायमचे घरी राहणार होते, नाहीतर रजा संपली की पुणे. मला हे घरी हवे होते. प्रेमाबिमाचं सोडा, मी दमले होते.

केटररनं फोनवर सांगितलं होतं, "सरबत तर सगळेच देऊन राहिलेत. आपल्याला कायतरी येगळं पायजे."

वेगळं म्हणजे जाळ. बारमध्ये अर्ध्या लिंबाचा गर काढून वाटी करतात, कडक रममध्ये भिजवलेला पावाचा तुकडा तिच्यात ठेवतात, पेटवतात आणि ती वाटी ग्लासातल्या बर्फाच्या चुऱ्यावर बसवतात. खाली नारळाचं दूध, अननस, वर पुदिन्याचा तुरा आणि निळी ज्योत. हे सांगताना यांचा चेहरा इतका खुलायचा की मी ऐकून घ्यायचे.

पण आमच्या सासूबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ. रमची बाटली उंबऱ्याच्या आत येणं शक्य नव्हतं, आणि लग्नाच्या मांडवात तर नाहीच नाही. मग रमऐवजी पेटेल म्हणून यांनी बाजारातून लिंबाचा इसेन्स आणला. त्यात पाव बुडवून सहा काड्या ओढल्या. पाव नुसता ओला राहिला.

सासूबाई दारातून बघत होत्या. म्हणाल्या, "कापूर लावा की त्याला. लगीच पेटतंय."

"कापूर न्हाई चालत, आई," हे म्हणाले. "पोटात गेला तर बाधतो. आन वास ग्लास सोडत नाही."

मीही तिथंच उभी होते. मीही ते ऐकलं.

शेवटी मार्ग सासूबाईंच्याच डब्यातून निघाला. तुपात भिजवलेली फुलवात, देवापुढे लावतो ती. यांनी लिंबाच्या वाटीत फुलवात बसवली, आणि ती पेटली. ज्योत पिवळी होती, लहान होती, पण टिकत होती. पेयात तूप सांडू नये म्हणून वाटी कशी उचलायची, याचा सराव यांनी आठवडाभर केला. घरात रोज वीसेक लिंबं कापली जायची. गर वाया जाऊ नये म्हणून मी लोणचं घातलं, सरबत केलं, कुकर घासला, आणि तरी लिंबं उरायची. मी वैतागायचे. पण संध्याकाळी ओट्याशी वाकलेली यांची पाठ दिसली की बरं वाटायचं, हेही खरं.

रविवारी केटरर आले तेव्हा हे त्यांना घ्यायला फाटकापर्यंत गेले. ओट्यावर ग्लास तयार होता. लिंबाच्या वाटीत फुलवात बसवलेली होती, फक्त काडी लावायची बाकी. मी तिच्याकडे बघत राहिले. ती मला फार केविलवाणी वाटली. बाहेरच्या खोलीत लख्ख उजेड, डोक्यावर पंखा, त्यात ही एवढीशी ज्योत कुणाला दिसणार? बारा वर्षं या एवढ्याशा ज्योतीवर येऊन अडकली होती. मी देवघरातून कापराच्या दोन वड्या आणल्या आणि फुलवातीखाली दाबून ठेवल्या.

यांनी ग्लास बाहेरच्या खोलीत नेला आणि केटररसमोर काडी लावली. जाळ भसकन वर गेला, मागोमाग काळा धूर. बर्फावर काजळी उतरली आणि सगळ्या खोलीत आरतीचा वास भरला.

केटरर खुर्चीतून उठून उभे राहिले. त्यांनी दोन्ही हात ज्योतीवरून फिरवले, डोळ्यांना लावले, मग कपाळाला. सवयीनंच. मग आपण काय केलं ते कळून ते थोडे ओशाळले आणि खाली बसले. ग्लासाला त्यांनी हात लावला नाही.

"देवाचं वाटून राहिलंय हो हे," ते म्हणाले. "प्यायला मन न्हाई होत. आमच्या पाहुण्यायनं बी असाच हात फिरवला तर?"

यांनी ग्लासाचा वास घेतला. मग मान वळवून देवघराकडे बघितलं. तिथं सासूबाई माळ ओढत बसल्या होत्या. "माझी चूक झाली साहेब," हे म्हणाले. "दुसरा करून देतो."

"ऱ्हाऊ द्या आता. फोन करतो."

मी दारात उभी होते. मला बोलता आलं असतं.

दोन दिवसांनी फोन आला. काम दुसऱ्याला दिलं होतं. हे कुणावरही चिडले नाहीत. बॅग भरली, ग्लास कागदात गुंडाळून माळ्यावर टाकले. मी बसस्टँडपर्यंत सोडायला गेले. गाडी लागली तेव्हा हे म्हणाले, "आईला काही बोलू नकोस. तिनंच ठेवला असणार कापूर. भल्यासाठीच ठेवला तिनं."

मी "बरं" म्हणाले.

आता हे पुण्याहून रोज फोन करतात आणि आधी आईशी बोलतात. पूर्वी दोन मिनिटांत ठेवायचे, आता जेवलीस का, गुडघा कसा आहे, सगळं सावकाश विचारतात. सासूबाई खूश आहेत. "पोरगं लई मऊ बोलायलंय आजकाल," असं शेजारणीला सांगतात. संध्याकाळी आरती झाली की तबक घेऊन त्या आधी माझ्याकडे येतात. "घे गं, दमून आलीस," म्हणतात. मी ज्योतीवरून हात फिरवते आणि डोळ्यांना लावते. माझ्या वाटणीची माफी त्यांना रोज मिळते आहे, आणि मी अजून काही बोललेले नाही.