पाच हजारांची पावती

मी गाडी शिकले शाळेच्या मैदानावर, दोन संध्याकाळींत. लायसनचा विषय कोणी काढलाच नाही. डोणगावच्या आसपासच्या आमच्या गावांत बाया स्कूटी चालवायला लागल्या तेव्हा सगळ्यांचं एकच म्हणणं होतं, "बाईले कोन अडवते?" सहा वर्षं खरंच कोणी अडवलं नाही. चूक माझीच होती, हे आधी कबूल करते आणि मग पुढचं सांगते.

त्या दिवशी मी मेहकरला निघाले होते. पर्समध्ये पाच हजार रुपये होते, वर थोडी चिल्लर. मी घरीच ब्लाउज शिवते. मेहकरच्या एका बाईची जुनी पिको मशीन तेवढ्या पैशांत मिळत होती. लग्नसराई तोंडावर आलेली आणि साड्यांचा पिको मला दुसरीकडून करून आणावा लागे, त्यात निम्मी कमाई जाई. ती मशीन मला हवीच होती. दुपारपर्यंत आला नाहीत तर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, असं तिने फोनवर बजावलं होतं.

फाट्यावर पोलीस गाड्या तपासत होते. माझ्यापुढे सात-आठ मोटारसायकली होत्या. प्रत्येक जण हवालदाराजवळ जाई, दोन शब्द हळूच होत, हात पुढे होई आणि गाडी सुटे. चलानची मशीन त्याच्या गळ्यात नुसती लटकत होती.

लायसन नसल्याचा दंड पूर्वी पाचशे होता. तेव्हा माझ्या वडिलांनी एकदा भरला होता, शिव्या देत, पण पावती घेऊन. मग तो एकदम पाच हजार झाला. पाच हजार म्हणजे आमच्याकडे क्विंटलभर सोयाबीन गेलं. ते कोण देणार? त्यानंतर आमच्या गावात मी कोणाच्या हातात पावती पाहिली नाही. दंड दहापट वाढला आणि आमच्या गावातून सरकारला पूर्वीचे पाचशेसुद्धा मिळेनासे झाले.

माझा नंबर आला. हवालदार माझ्या भावाच्या वयाचा होता, चेहऱ्याने भला वाटला.

"लायसन?"

"नाही."

"दोनशे द्या अन् निघा, ताई."

दोनशे काढून द्यायचे की नाही? पण माझं डोकं फिरलं. मी ग्रामपंचायतीची सदस्य आहे. नाल्यावरच्या पुलासाठी तालुक्याला खेटे घालून माझ्या चपला झिजल्या, आणि दर वेळी उत्तर एकच, निधी नाही. इथे तर तो निधी माझ्या डोळ्यांदेखत खाकी खिशात चालला होता.

"पावती द्या," मी म्हणाले.

"अवं ताई, पावती फाडली तं पाच हजार होतीन. मी तुमच्याच भल्याचं सांगून राह्यलो."

"मले समजते. फाडा."

"मंग आत्ता भरू नका. राहू द्या मोबाइलवर पडून. सारेच राहू देतात."

"मी आत्ताच भरते."

मागच्या रांगेत एकदम गलका झाला. तुरीचं पोतं लादलेला एक जण कळवळून म्हणाला, "ताई, काऊन हट्ट करून राह्यल्या? तुमच्यापायी आमच्या बी पावत्या फाटतीन ना!"

मी नोटा मोजून दिल्या. खरं सांगते, मशीनमधून कागद बाहेर येईपर्यंत मला आशा होती की हा म्हणेल, जाऊ द्या ताई. तो म्हणाला नाही, कागद आला आणि पिको मशीन गेली.

मग हवालदाराने रांगेकडे पाहिलं. माझ्यासमोर दोनशे घ्यायची त्याला लाज वाटत होती आणि गरिबांकडून पाच-पाच हजार घ्यायचा धीर होत नव्हता. "जा बाप्पा, जा सारे," तो म्हणाला. सगळे फुकटात सुटले, पोत्यावाला तर मला हात जोडून गेला. माझ्यासमोर त्या फाट्यावर सरकारला एकाच माणसाचा दंड मिळाला, तो माझा.

"आता मी चालवत जाऊ?" मी विचारलं.

"जा ना. पावती हाय ना तुमच्यापाशी."

"लायसन कुठं हाय?"

विचारायला विचारून बसले. आता मला माघार घेता येईना. मी स्कूटी वळवली आणि ढकलत घरचा रस्ता धरला. गाव चार किलोमीटर होतं. मशीनवाल्या बाईला फोन करून नाही म्हणाले आणि तुरीच्या शेताच्या धुऱ्यावर बसून मनसोक्त रडले. पश्चात्ताप झाला का? झाला, भरपूर झाला. पण उठले तेव्हा गाडीवर बसले नाही, ढकलतच निघाले.

नवऱ्याने सगळं ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "अवं, दोनशेत सुटून राह्यली होती ना तू!"

"आज दोनशे, पुढच्या खेपी परत दोनशे. मले असं सुटाचं नाही," मी म्हणाले. "उद्या बुलढाण्याले जाचं, लायसन काढाले. तुमच्या मोटारसायकलवर मागं बसून येते."

तो जमिनीकडे पाहत म्हणाला, "एसटीनं जाऊ ना." तेव्हा मला कळलं, लायसन त्याच्याकडेही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं सकाळच्या एसटीने गेलो.