बाबांनी केलेलं आईचं काम

चिमूरकडच्या आमच्या गावात धान मळून झाले की नाटक व्हायचं. पन्नास-पंचावन्न सालच्या सुमाराची ही गोष्ट. बायकांची कामं पुरुषच करत, आणि आईचं काम दरवर्षी एकच बिनमिशीचा, गोड गळ्याचा पोरगा करायचा. एका वर्षी तो बल्लारपूरला नोकरीला लागला आणि येऊ शकला नाही. ते काम तोंडपाठ होतं फक्त माझ्या बाबांना, कारण पडद्याआडून सगळ्यांना शब्द तेच पुरवायचे. पण बाबांना भलीमोठी मिशी, आणि आमच्याकडे बाप जिवंत असताना मिशी काढत नाहीत.

"काढ बे," आजा म्हणाला. "मी सांगून राह्यलो ना! नाटक नाई झालं त लोकं तोंडात शेण घालतील."

नाटकाला आलेले पाहुणे बाबांचा सफाचट ओठ पाहून हळहळले, "बुढा कधी गेला जी?"

पुढच्याच सतरंजीवरून आजा ओरडला, "गेलो नाई, इथीच बसून राह्यलो!"

सगळा मांडव हसला, मी नाही. मी रांगत होते तेव्हाच माझी आई वारली. ती कशी होती असं विचारलं, की बाबा उठून बैलांकडे जायचे. निदान नाटकातली आई तरी डोळे भरून पाहावी म्हणून मी दरवर्षी जागायचे. आता बाबांसारखा रागीट माणूस काय आई होणार! मी फुरंगटून आत्याजवळ बसले होते.

आईचा प्रवेश आला तेव्हा उजाडायला लागलं होतं. बाबा माझ्या आईचं लुगडं नेसून आले. पदराला हात पुसत, मान जराशी वाकडी करून त्यांनी लेकराला जेवायला हाक मारली.

आत्याने तोंडावर हात धरला. "बाई व! वहिनी अशीच हाक मारे."

मी फुरंगटणं विसरून पुढे सरकले. तो पोरगा असता तर लोक गाण्याला वन्समोअर देत बसले असते. बाबांनी गाणं म्हटलंच नाही. एवढा मांडव भरलेला, पण हूं की चूं नाही.

नाटक संपलं. बाबा लुगडं सोडायला लागले तशी मी जाऊन त्यांना बिलगले.

"बाबा, घरी जाईपर्यंत राहू दे नं."

त्यांनी बाहेर पाहिलं. लख्ख उजाडलं होतं, सगळं गाव रस्त्यावर होतं. मग त्यांनी पदर डोक्यावर घेतला, माझा हात धरला, आणि भर गावातून माझी आई मला घरी घेऊन गेली.