नकाराचे कारण

हे सांगायचे मी बरीच वर्षे टाळले. भावाला सांगितले नाही, विहारात सांगितले नाही, पोरीला तर नाहीच. कोणी विषय काढला की मी पाणी प्यायला उठत असे. आता लपवून ज्याला वाचवायचे असा मी एकटाच उरलो आहे. म्हणून लिहितो.

पांढुर्ण्याला स्टेशनच्या रस्त्यावर एका माणसाचे ऑफिस होते. विदेशात जायचे कागद तो करून देई. त्याच्या बापाचे आमच्या सौंसरजवळ संत्र्याचे मोठे बगीचे. माझी बायको देवका लग्नाआधीपासून त्याच बगीच्यांत तोडणीला जायची. दिवाळीनंतर त्यांच्याच वावरात कापूस वेचायची. मी तहसील कचेरीत बाबू झालो, तरी तिने मजुरी सोडली नाही. त्या मजुरीवर आमची वैशाली नर्स झाली आणि इंग्लंडला नोकरीला गेली.

टेबलासमोर दोन खुर्च्या होत्या. मी एकीवर बसलो. देवका उभी राहिली. त्याने तिला बस म्हटले नाही. मीही म्हटले नाही.

"हात दाखव गे," तो म्हणाला.

तिला समजले नाही. तिने माझ्याकडे पाहिले.

"हात, हात. पालथे नाही. तळवे."

मी म्हणालो, "दाखव ना. साहेब सांगून राहिले."

हे शब्द माझे. त्याचे नव्हेत.

तिने दोन्ही हात टेबलावर धरले. कापसाच्या सुकलेल्या बोंडांची टोके सुईसारखी असतात. चाळीस वर्षे ती बोटांत घुसली होती. वरून संत्र्याचे काटे. बोटांची टोके गुळगुळीत, आणि तळव्याला काळ्या भेगा.

त्याने कॉम्प्युटरवरच्या पोरीला हाक मारली. "इकडे पाह्य. असे हात घेऊन बाई विदेशात फिरायले चालली." मग मला म्हणाला, "मागच्या खेपेले व्हिसाच्या वक्ती हिच्या ठशांले चार वेळा काचेवर बोटं ठेवा लागले ना, बाबूजी? राहतीन कुठून? हिच्या रेषा तं आमच्या बगीच्यातच राहिल्या."

पोरगी हसली. तो हसला.

मीही हसलो.

देवकाने हात पदराखाली घेतले.

आम्ही त्याच्याकडे का गेलो होतो ते सांगतो. वैशालीच्या बाळंतपणाला आम्ही दोघे इंग्लंडला गेलो होतो. साडेपाच महिने राहून परतलो. परत येऊन दोन महिने झाले नाहीत तर जावयाचा फोन आला. वैशाली बाळाला घेत नव्हती. जेवत नव्हती. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. बाळंतपणानंतर असा आजार होतो, असे तिथल्या डॉक्टरने सांगितले होते. जावई म्हणाला, "बाबा, ती फक्त आई म्हणते. आईंना पाठवा." त्याने डॉक्टरचे पत्रही पाठवले. ते छापून मी पिशवीत ठेवले होते.

म्हणजे इतक्या लवकर पुन्हा अर्ज करायचा होता, आणि पुन्हा का, याचे उत्तर द्यायचे होते. उत्तर माझ्या पिशवीत होते.

तो म्हणाला, "पोरगी बिमार आहे लिहिलं तं ते म्हणतीन, बुढी लेकरू सांभाळाले चालली, आता परत येत नाही. फिरायले जातो लिहा. साफ काम."

मी मान डोलावली. त्याला दोष देणे सोपे आहे. पण मी जन्मभर कचेरीत अर्ज लिहिले होते. आमच्याकडे पद्धतच ती. घरी कोणी मरायला टेकले असले तरी रजेच्या अर्जात 'घरगुती कारण' एवढेच लिहायचे. जितके कमी लिहिले तितके कमी विचारतात. साहेबांपुढे घर उघडे करायचे नाही. मला वाटले, साहेब सगळीकडे सारखेच.

आणखी एक होते. कागदावर आले की गावात येते. वस्तीत लोक म्हणतील, बाबूची शिकलेली पोरगी पागल झाली. ती लाज मला पोरीपेक्षा मोठी वाटली.

पत्र मी पिशवीतून काढले नाही. देवका येताना बसमध्ये दोनदा म्हणाली होती, "डॉक्टरचा कागद देजा जी पहिले." ऑफिसच्या पायऱ्या उतरताना तिने विचारले, "देला?"

"देला," मी म्हणालो.

व्हिसाच्या कचेरीत ठसे द्यायला गेलो. तिची बोटे कितीदा तरी काचेवर ठेवली, पुसली, पुन्हा ठेवली. शेवटी तिथला माणूस म्हणाला, झाले. ठसे आले होते.

तीन आठवड्यांनी दोघांनाही नकार आला. पत्र इंग्रजीत. मी डिक्शनरी घेऊन तीन वेळा वाचले. लिहिले होते ते सरळ होते. तुम्ही नुकतेच साडेपाच महिने राहून गेलात. काही आठवड्यांत पुन्हा फिरायला यायचे म्हणता. हे कारण पटत नाही. बस. ठशांबद्दल त्यात एक अक्षर नव्हते.

देवका अंगणात तूर निवडत होती. "काय लिवलं जी?"

मी पत्राची घडी केली. म्हणालो, "तुह्या बोटांचे ठसे बराबर आले नाही म्हणते. म्हणून नाही म्हटलं."

तिने सूप खाली ठेवले. हातांकडे पाहिले.

त्या हंगामात ती वेचणीला गेली नाही. बायका बोलवायला आल्या तर म्हणाली, "नाही बाई, हात सुदरवाचे हाये." खोबरेल लावायची, साय लावायची. माझ्याकडे कचेरीतले जुने स्टॅम्प पॅड पडून होते. ते तिने शोधून काढले. रोज सकाळी बोट शाईवर दाबायची, कागदावर उठवायची आणि कागद माझ्यापुढे धरायची.

"आता दिसते का जी रेष?"

मी चष्मा लावून पाहायचो आणि म्हणायचो, "थोडी दिसते."

असे किती कागद झाले, मी मोजले नाहीत.

इकडे जावयाचा फोन रोजचा. मी पुन्हा पांढुर्ण्याला गेलो. एकटाच. त्याने नवा उपाय काढला. "बाईचं नाव काढून टाका. तुमी एकटे जा. लिहा, बायको अनपढ आहे, बिमार आहे, तिच्यासाठी मले वापस यावंच लागते. बायको इकडं गहाण ठेवली म्हणजे त्यांले भरोसा येते." आणि वर हसत, "तसंही तिकडं भांडे घासाले एक जण पुरते."

कोण जाणे काय झाले. त्याच टेबलावर मला तिचे हात दिसले. मी उठलो.

"माही फाइल द्या."

"काऊन बाबूजी, गुस्सा आला?"

"फाइल द्या. अन् तिले 'गे' म्हणाचं नाही. देवकाबाई नाव आहे तिचं. तिनं तुमच्या बापाच्या झाडांवर हात झिजवले, म्हणून तुमी ह्या खुर्चीवर बसून राहिले."

त्याचे हसणे गेले. "दोन अक्षरं शिकले की तुमचे लोक..." त्याने वाक्य पुरे केले नाही. पुरे करायची गरज नव्हती. ते वाक्य मी कचेरीत, शाळेत, विहिरीवर ऐकत आलो होतो. दरवेळी मान खाली घातली होती. त्या दिवशी घातली नाही. त्याच्या डोळ्यांत पाहत फाइल हातात येईपर्यंत उभा राहिलो.

सौंसरच्या बसमध्ये मी फाइल मांडीवर धरून ताठ बसलो होतो. वाटत होते, साठ वर्षांचे काहीतरी आज फेडले.

घरी नवा अर्ज मी स्वतः भरला. सगळे खरे लिहिले. मागे का गेलो, किती राहिलो, इतक्या लवकर पुन्हा का जायचे. मागच्या अर्जात कारण लपवले तेही लिहिले. डॉक्टरचे पत्र जोडले. आजाराचे नाव लिहिताना हात थांबला नाही. मग देवकाला म्हणालो, "चाल, ठसे द्यायले जाऊ."

ती जागची हलली नाही.

"मी नाही येत जी. तुमी जा."

"काऊन?"

"माह्या हातानं एकडाव पोरीचं बिगडलं. मी संग असली तं तुमचंबी नाकारतीन. तुमी तरी पोचा तिच्यापाशी."

एक वाक्य पुरे होते. ते माझ्याजवळ होते. नकाराचे पत्र दोन हातांवर कपाटात होते. मालकाच्या पोराला तोंडावर बोलून आलेला मी, स्वतःच्या बायकोपुढे गप्प बसलो. त्याच्याशी बोलताना गमवायला काही नव्हते. इथे तिची नजर होती. ती कशी पालटेल याची मला भीती वाटली. मी म्हणालो, "बरं. तुही मर्जी."

व्हिसा मिळाला. खरे लिहिले होते, मिळाला. मी एकटा गेलो. वैशालीने दार उघडले आणि माझ्या मागे पाहिले. "आई?"

तिलाही मी ठशांचेच सांगितले.

औषधांनी, डॉक्टरांनी, जावयाच्या धीराने ती हळूहळू सावरली. मी भात शिजवला, बाळ खांद्यावर घेऊन फिरलो. पण व्हिडिओवर ती आईपुढे रडायची, "तू काऊन नाही आली वं आई?" देवका हसायची. पूर्ण बोलणे होईपर्यंत हात पदराखाली ठेवायची.

ती पुन्हा कधी गेली नाही. अर्जाचे नाव काढले की विषय बदलायची. दोन उन्हाळ्यांपूर्वी ती वारली. शेवटचे चार दिवस दवाखान्यात तिचा हात माझ्या हातात होता. मजुरी सुटून वर्षे झाली होती. बोटे मऊ पडली होती. मी दोनदा तोंड उघडले. एकदा तिने विचारले, "जेवले का जी तुमी?" मी म्हणालो, हो. दुसऱ्यांदा ती झोपली होती.

गेल्या महिन्यात शेजारची एक बाई भेटली. तिचा मुलगा परदेशात आहे, आईला बोलावतो आहे. मी म्हणालो, जा. ती म्हणाली, "आमचे हात चालत नाही ना जी तिकडं. देवकाबाईचं नाही झालं." माझे खोटे वेचणीच्या बायकांत पसरले होते. कापसाच्या ओळीतून ओळीत गेले होते. त्या मालकाच्या पोराने एकीला हसून घालवले. मी साऱ्या वस्तीला घरी बसवले.

म्हणून ठरवले आहे. हे लिहिलेले आधी वैशालीला फोनवर वाचून दाखवीन. ती बोलणे तोडेल तर तोडू दे. मग रविवारी विहारात, सगळ्या बायका बसल्या असताना उभा राहीन, नकाराचे पत्र हातात धरून ओळ न ओळ मराठीत सांगीन. जिला अर्ज करायचा आहे तिचा मी भरीन, खरे कारण लिहून. लोक थुंकले तरी बसणार नाही.

एवढे होईल. जे होणार नाही ते इथे लिहून ठेवतो. अंगणात, ती तूर निवडत असताना, तिच्यासमोर बसून म्हणायचे होते:

देवका, तुह्या हातानं काही बिगडलं नाही. मी खोटं लिवलं, अन् मंग तुलेबी खोटं सांगितलं. मले माफ कर.